चिपच्या जोडीने वाढलेली सिस्टिम

26 एप्रिल 1985. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये एकॉर्न कंपनीचे अभियंते पहिल्यावहिल्या एआरएम प्रोसेसरची चाचणी घेत होते. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली चिप उत्तम चालली. तिला वीज किती लागते हे पाहायला मीटर लावला, तर आकडा शून्य! वीजपुरवठा जोडायचाच राहिला होता. इतर पिनांवर येणाऱ्या सिग्नलमधून जी थोडी वीज झिरपत होती, तेवढ्यावर चिपचे भागत होते.

याच घराण्यातले प्रोसेसर आज आपल्या मोबाइलमध्ये आहेत. या घराण्यासाठी एकॉर्नने घडवलेली रिस्क ओएस ही ऑपरेटिंग सिस्टिमही अजून चालू आहे.

एकॉर्नचा बीबीसी मायक्रो हा संगणक 1984 च्या ‘क्लास’ प्रकल्पातून भारतीय शाळांमध्येही पोहोचला होता. 1987 मध्ये एआरएमवर चालणारा आर्किमिडीज आला आणि त्याच्यासोबत रिस्क ओएसची सुरुवात झाली. तिची रीत आगळी. माउसचे मधले बटण दाबले, की मेन्यू पॉइंटरपाशीच उघडतो. फाइल सेव्ह करताना चौकटीत तिचे चित्र दिसते; ते उचलून हव्या त्या फोल्डरमध्ये टाकायचे, की काम झाले.

1998 मध्ये एकॉर्नने संगणक बनवणे थांबवले, पण चाहत्यांनी ही सिस्टिम सोडली नाही. 2012 मध्ये रास्पबेरी पाय हा स्वस्त, तळहाताएवढा संगणक आला. त्यात एआरएमच असल्याने रिस्क ओएसला नवे घर मिळाले. 2018 मध्ये तिचा सोर्स कोड अपाचे परवान्याखाली खुला झाला, तर 2024 च्या 5.30 आवृत्तीने पायवर वायफाय आणले.

खरी कसोटी पुढे आहे. रिस्क ओएस 32-बिट आहे आणि नवे एआरएम प्रोसेसर 64-बिटकडे वळले आहेत. रास्पबेरी पाय 5 वर तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा 64-बिटच लागतो. रिस्क ओएसच्या गाभ्याचा मोठा भाग असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरची एकेक आज्ञा हाताने लिहून तयार झाला आहे. जुन्या यंत्रांवर तिला वेग मिळाला तो त्यामुळेच. पण 64-बिट प्रोसेसरच्या आज्ञा वेगळ्या असतात, आणि तो कोड तिथे जसाच्या तसा चालत नाही.

उपाय कष्टाचा आहे, पण त्यात गूढ काही नाही. असेंब्लीतला एकेक भाग सी भाषेत उतरवायचा. मग नव्या प्रोसेसरच्या आज्ञा कंपायलर हा भाषांतर करणारा प्रोग्राम तयार करतो. कोड खुला असल्याने हे काम आता कुणालाही हाती घेता येते, आणि मोजकी जाणकार मंडळी त्याला लागलीही आहेत.