तोंडाने की सुईने?

मातेच्या उदरातून बाहेर आलेल्या बालकाच्या देहात, रक्त गोठण्यास अत्यावश्यक अशा ‘के’ जीवनसत्त्वाचा संचय जवळजवळ नसतोच. कारण वारेतून ते फारसे पाझरत नाही, आणि ज्या स्तन्याला आपण पूर्णान्न म्हणून गौरवितो त्यातही या एका बाबतीत मोठीच टंचाई असते. परिणामी अंगावर पिणाऱ्या, वरकरणी धडधाकट अशा एखाद्या अर्भकाला दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत अकस्मात रक्तस्राव होतो, आणि तो पुष्कळदा थेट मेंदूत होतो. प्रतिबंधक मात्रा न मिळालेल्या लाख बालकांमागे असे प्रसंग सुमारे चार ते सात; विरळा खरे, पण ज्या घरावर ओढवतात तेथे या विरळेपणाचे समाधान कोणते?

कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांनी स्निग्धांशरहित खाद्यावर वाढविलेल्या कोंबडीच्या पिलांत या द्रव्याचा मागोवा घेतला व १९४३ च्या नोबेल पारितोषिकात एडवर्ड डॉइझी यांच्यासह वाटा मिळविला. ते स्निग्धांशात विरघळते, म्हणूनच आतड्यात शोषले जाण्यासाठी त्याला पित्ताची मदत लागते. सारा वाद येथेच रुजला आहे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९६१ मध्ये जन्मतःच सुईने मात्रा टोचण्याची शिफारस केली, आणि तीस वर्षे कोणी फारशी तक्रार केली नाही. पुढे १९९२ मध्ये ब्रिस्टलच्या जीन गोल्डिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईचा संबंध बालपणीच्या कर्करोगाशी जोडला, तेव्हा युरोपात खळबळ उडून कित्येक देशांनी तोंडावाटे देण्याची तजवीज केली. स्वीडनमधील लाखो बालकांच्या दफ्तरी नोंदींत तो संबंध आढळला नाही; परंतु भय एकदा घरात शिरले की पुराव्याच्या फर्मानाने ते निघत नाही.

तोंडावाटे दिलेली मात्रा निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. डेन्मार्कमध्ये आईबाप दर आठवड्याला १ मिलिग्रॅम पाजीत, आणि ती व्यवस्था उत्तम चालली. नेदरलँड्समध्ये रोज २५ मायक्रोग्रॅम देत. पण ज्या अर्भकांच्या पित्तनलिका जन्मानंतर बंद होत जातात, त्यांतील बहुसंख्यांना तेथे रक्तस्राव झाला, आणि मात्रा सहापट वाढवूनही अपेक्षित संरक्षण मिळाले नाही. म्हणजे पित्ताच्या अभावी ज्याला जीवनसत्त्वाची सर्वाधिक निकड, त्याच्याच आतड्यात पाजलेले औषध वाया जाते. सुईने दिलेले मात्र मांडीच्या स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरते, आणि दूध ओकण्याचा वा पुढची मात्रा विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. क्षणभराच्या रडण्याच्या मोबदल्यात हा सौदा मला तरी महाग वाटत नाही.

भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक नवजात बालकास स्नायूत १ मिलिग्रॅम, आणि वजन १,००० ग्रॅमहून कमी असल्यास अर्धा मिलिग्रॅम, असा बंदोबस्त आहे. सुई नाकारणाऱ्या पालकांनी तोंडावाटे देण्याच्या सर्व मात्रा वैद्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी पुऱ्या कराव्यात. आणि कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली किंवा बाळाची शी पांढुरकी, खडूसारखी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण पित्ताची वाट अडल्याची ती खूण असू शकते.