कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात? रमजानआधी एक दिवस कपाटासाठी काढा

रमजान तोंडावर आला की आपल्या घराघरांत दोन कामं सुरू होतात. एक साफसफाई आणि दुसरी खरेदी. भिंती पुसल्या जातात, पडदे धुतले जातात, डबे घासले जातात. राहतं ते फक्त कपाट. ते उघडायची हिंमत होत नाही, कारण उघडलं की वरच्या कप्प्यातला गठ्ठा खाली येतो. मग आपण दार दाबून लावतो, चावी फिरवतो आणि ईदच्या खरेदीला निघतो.

आमच्या घरी कित्येक वर्षं हेच चाललं होतं. घरात माणसं पाच : आम्ही दोघं, दोन मुलं आणि अब्बा. कपाटं तीन, शिवाय दिवाणाच्या आत गाठोडी आणि माळ्यावर पेट्या. तरीही लग्नाला जायची वेळ आली की वाक्य ठरलेलं, "घालायला काहीच नाही." गेल्या वर्षी शाबान महिन्यात आम्ही एक कपाट पूर्ण रिकामं केलं आणि कपडे मोजले. एकूण 163 निघाले. त्यातले वर्षभरात खरोखर अंगावर चढलेले होते फक्त 58.

तो दिवस आम्हाला बरंच शिकवून गेला. ते इथे मांडतोय.

कपाट भरतं कशाने?

आपल्या घरांत कपडे साठण्याची कारणं थोडी वेगळी आहेत. दोन ईदचे नवे कपडे दरवर्षी येतात. घरात निकाह झाला की मंगनी, मेहंदी, हळद, निकाह, वलीमा अशा प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा ड्रेस शिवला जातो. भरजरी शरारा किंवा शेरवानी एकदा अंगावर चढते आणि नंतर कायमची कपाटात बसते. अबाया आणि बुरख्याची फॅशन बदलते, पण जुने तसेच लटकत राहतात.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आहेरात आलेलं ड्रेस मटेरियल. न शिवलेले हे पीस एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत असतात. आपल्याला आलेलं आपण पुढे देतो, पुढचा त्याच्या पुढे देतो. आमच्या कपाटात असे 17 पीस होते. त्यातला एक आमच्याच लग्नात आम्ही दिलेला निघाला, सात वर्षांनी फिरून परत आलेला!

याशिवाय मनात तीन वाक्यं असतात. "महागाचा आहे." "बारीक झाले की होईल." "कधीतरी लागेल." यातलं पहिलं वाक्य खरं आहे, पण पैसे खरेदीच्या दिवशीच गेले. कपाटात ठेवून ते परत येत नाहीत. दुसऱ्या वाक्याचं उत्तर आरसा देतो. तिसऱ्यासाठी एक मुदत घालून घ्यावी लागते.

एक माणूस, एक कप्पा, एक दिवस

सगळं घर एकाच दिवशी काढायला गेलात तर संध्याकाळी सगळं पुन्हा कोंबून ठेवायची वेळ येते. म्हणून एका दिवशी एकाच माणसाचे कपडे काढा. फजरनंतर सुरुवात केली तर जोहरपर्यंत काम होतं. पलंगावर स्वच्छ चादर अंथरा आणि कप्प्यातलं सगळं बाहेर काढा. "हा तर राहणारच आहे" म्हणून काहीही आत ठेवू नका. मग ढीग करा :

पहिला, जे आपण घालतो. दुसरा, जे घालू शकतो पण दुरुस्ती हवी आहे : बटण, चेन, उसवलेली शिलाई. तिसरा, जे चांगलं आहे पण आपण घालत नाही. चौथा, फाटकं आणि विरलेलं. पाचवा, ज्याबद्दल मन ठरत नाही. आणि एक छोटा ढीग आठवणींचा.

आमच्या 163 कपड्यांचा हिशेब असा झाला : घालायचे 58, दुरुस्तीचे 9, द्यायचे 61, फाटके 14, शंकेचे 13, आठवणीचे 8.

प्रत्येक कपडा हातात घेऊन एकच प्रश्न विचारा. आत्ता दाराची बेल वाजली आणि पाहुणे आले, तर हा कपडा घालून मी समोर जाईन का? उत्तर "हो" असेल तर ठेवा. "हो, पण..." असं आलं तर तो शंकेच्या ढिगात टाका.

शंकेच्या ढिगासाठी आम्ही मुदत ठरवली : रमजान ईद ते बकरी ईद. साधारण 70 दिवस. ते कपडे एका पिशवीत भरून वर तारीख लिहिली. या काळात ज्याची आठवण झाली, तो काढून घातला. 13 पैकी दोनच बाहेर आले. उरलेले 11 बकरी ईदच्या आधी देऊन टाकले.

दुरुस्तीच्या ढिगाला मात्र आठच दिवस द्या. तेवढ्यात टेलरकडे गेला नाही, तर तो पुढच्या वर्षीही तिथेच सापडेल. न शिवलेल्या पीसचंही तसंच. शिवायला टाका, नाहीतर ज्या घरी त्याचा ड्रेस होईल तिथे द्या.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. दुसऱ्याचे कपडे त्याच्या मागे काढून टाकू नका. नवऱ्याने बायकोचे, सुनेने सासूचे, आईने मोठ्या मुलीचे. कपाट रिकामं होईल, पण मन दुखावेल. लहान मुलांनाही विचारा. आमच्या मुलाने आवडता, आखूड झालेला कुर्ता मामेभावाला स्वतःच्या हाताने दिला. आम्ही गुपचूप दिला असता तर रडारड झाली असती.

जे घालत नाही, तरी ठेवायचं

प्रत्येक गोष्ट काढूनच टाकावी असं नाही. निकाहाचा जोडा, मुलाचं पहिलं कुर्ता-टोपी, हजला नेलेला इहराम. अशा गोष्टींसाठी माणशी एक पेटी ठेवा. पेटी भरली की नवीन ठेवण्याआधी जुनं काहीतरी काढायचं, एवढाच नियम.

पण ठेवायचं तर नीट ठेवा. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात दमटपणा इतका असतो की बंद कपाटात बुरशी धरते. जरीचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. आत ओल अडकते आणि जर काळी पडते. जुन्या स्वच्छ मलमलीत किंवा सुती ओढणीत गुंडाळा. वर्षातून दोनदा घडी बदला, नाहीतर घडीच्या रेषेवरच कापड चिरतं. पावसाळा संपला की सावलीत वारा द्या.

डांबरगोळ्या वापरत असाल तर त्या जरीला लागू देऊ नका आणि मुलांच्या हाती पडणार नाहीत अशा ठेवा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत जास्त जपा. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते. अशा बाळाला नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. म्हणून डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी किंवा झबली काढून तशीच बाळाला घालू नका. तान्ह्याच्या कपड्यांत या गोळ्या न ठेवणंच बरं. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा कापडात बांधलेल्या लवंगा ही आपल्या आजीची पद्धत तिथे पुरते.

द्यायचं, पण कसं?

आता तिसरा ढीग. इथे आपली खरी परीक्षा असते. आपल्याकडे कपडे दिले जातात, पण बरेचदा वापरून विटल्यावर, रंग उडाल्यावर. सूरह बकरहच्या 267 व्या आयतीत दानासाठी टाकाऊ वस्तू निवडायला मनाई आहे. कपड्याचं वय वाढत असतं. इलॅस्टिक कपाटात पडूनही सैल होतं, रेशीम पडून पडून विरतं. आज दिला तर दुसऱ्याची ईद साजरी होईल. पाच वर्षांनी दिला तर त्याची चिंधी झालेली असेल.

देण्याआधी धुवा, इस्त्री करा, बटणं लावा. सलवार, कमीज आणि दुपट्टा एकत्र बांधा, नाडीसुद्धा घाला. गाठोड्यावर चिठ्ठी लावा : "मुलगी, 8 वर्षं" किंवा "पुरुष, मोठा साइज". वापरलेले आतले कपडे देऊ नका. आणि विचारून द्या. घरकामाला येणाऱ्या ताईंच्या हातात पिशवी कोंबण्यापेक्षा "तुमच्या मुलीला यातलं काय होईल ते बघा" असं म्हणून निवडू द्या. नको म्हणण्याचा हक्क त्यांनाही आहे.

न विचारता पाठवलेल्या मदतीचं काय होतं, ते 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दिसलं. देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग वापराविना पडून राहिले. नंतर 'गूंज' या संस्थेने त्यातले बरेचसे कपडे छाटून कामी लावले. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची पद्धत अशी की गावकरी तलाव, रस्ता, विहीर असं गावाचं काम करतात आणि त्याच्या मोबदल्यात कपडे घेतात. म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. गुप्ता यांना 2015 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणखी एक. जुने कपडे देणं हा सदका आहे. ते देऊन जकातीचा हिशेब मिटला असं परस्पर समजू नका. जकातीबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा.

अम्मींची पेटी

सगळ्यात कठीण काम शेवटी आलं. अम्मी जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांची पेटी दिवाणाखाली तशीच होती. आम्ही ती उघडायचं टाळत होतो. कुणी म्हणायचं, "मरहूमांचे कपडे घरात ठेवू नयेत, लगेच देऊन टाका." कुणी म्हणायचं, "एवढीच तर आठवण आहे."

शेवटी मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते बऱ्याच घरांत माहीत नसतं. माणूस गेल्यावर त्याची प्रत्येक वस्तू, अगदी अंगावरचे कपडेसुद्धा, तरका होतात. म्हणजे त्यावर सगळ्या वारसांचा हक्क असतो. घरात राहणाऱ्या मुलाने किंवा सुनेने परस्पर वाटून टाकणं बरोबर नाही, सवाबसाठी असलं तरी. सगळ्या वारसांची संमती घ्यावी. वारसांत कुणी नाबालिग असेल तर त्याचा वाटा दान करता येत नाही. आणि कपडे ठेवणं किंवा घालणं यात अशुभ काही नाही.

मग एका रविवारी दोन्ही बहिणींना बोलावलं. अब्बा खुर्चीवर बसले आणि पेटी उघडली. वरच्या साडीला अजून अत्तराचा वास होता. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी अब्बाच म्हणाले, "ती असती तर म्हणाली असती, बघत काय बसलात, कामाला लागा."

मोठ्या बहिणीने नमाजचा दुपट्टा घेतला, धाकटीने हिरवी साडी. अब्बांनी स्वतःसाठी शाल ठेवली. चांगल्या साड्या सगळ्यांच्या रजामंदीने गावाकडच्या तीन घरी गेल्या. दोन साड्या मात्र कसरीने खाल्ल्या होत्या. चार वर्षांपूर्वी उघडली असती तर त्याही कुणाच्या तरी अंगावर असत्या. याची रुखरुख अजून आहे.

फाटक्याचंही मोल

विरलेल्या सुती साड्यांची गोधडी होते. शिवून देणाऱ्या बाया अजूनही अनेक गावांत आहेत आणि त्यांना त्यातून कमाई होते. आमच्या अम्मींच्या दोन जुन्या सुती साड्या अशाच गोधडीत गेल्या. सुती कापडाची पुसणी होतात. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, त्याच्या पिशव्या शिवा. बोहारीण येत असेल तर तिला द्या, तिच्याकडून जुना कपडा पुढे बाजारात जातो. जुन्या लोकरीपासून पुन्हा सूत काढण्याचा मोठा धंदा हरियाणातल्या पानिपतमध्ये चालतो. कचऱ्यात टाकणं हा शेवटचा मार्ग. एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे 2700 लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे.

पुन्हा भरू नये म्हणून

खरेदीला जाण्याआधी घालायच्या ढिगाची यादी करा. आमच्या यादीत दिसलं की काळ्या सलवारी चार आहेत आणि पांढरी एकही नाही. मग बाजारात एकच वस्तू घेतली. नवा एक आला की जुना एक जाईल, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. धुतलेले कपडे कप्प्यात नेहमी उजव्या बाजूला ठेवत जा. पुढच्या रमजानपर्यंत डाव्या बाजूला जे सरकलेलं असेल, ते आपण घालत नाही. वेगळा हिशेब लागत नाही.

त्या वर्षी ईदला आम्ही मोठ्यांनी नवे कपडे शिवलेच नाहीत. कपाटात मागे दबलेले दोन चांगले सूट सापडले, तेच घातले. वाचलेल्या पैशांतून शेजारच्या दोन मुलांना नवे कपडे घेतले, आमच्या मुलांना घेतले त्याच दुकानातून. ईदगाहवर चौघं एका रांगेत उभे होते.

कपाटाचं दार आता एका हाताने बंद होतं.