थांबली की अडखळते
जुनी गाडी, नीट गाडी : लेखांक ६

सकाळी गाडी चालूच होत नसेल तर काय तपासायचं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आजचं दुखणं जास्त लबाड आहे. गाडी पातूरचा घाट एका दमात चढते आणि मालेगावच्या चौकात थांबली की मिस मारायला लागते. गिअरचा दांडा थरथरतो, सायलेन्सरमधून मध्येच 'फट्' असा आवाज येतो आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत होतं. मिस्त्रीसमोर उभी केली की ती शहाण्यासारखी वागते.

आधी गाडीची पिढी ठरवू. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. त्याआधीच्या गाड्यांवर अकोल्याची एमएच-३० ही पाटी असे. त्या पिढीतली कार्बोरेटरची मारुती ८०० किंवा ओम्नी आपण उदाहरणाला घेऊ. दोन्हींचं इंजिन ७९६ सीसीचं आणि तीन सिलिंडरचं. आयडलिंगला ९०० आरपीएम धरले तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा, म्हणजे सेकंदाला साडेसात वेळा पेटतो. तिघांपैकी एक चुकला की एक तृतीयांश जोर जातो. चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा या गाड्या जास्त हलतात त्या म्हणूनच.

मग घाटात हे का जाणवत नाही? पाय उचलला की थ्रॉटल जवळजवळ बंद होतो, हवा अगदी थोडी आत जाते आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम वाढतो. अशा वेळी तडकलेल्या नळीतून शिरणारी चोरटी हवा, घोटभर दुधात पडलेल्या पाण्यासारखी, लगेच लक्षात येते. रेस दिली की आत जाणारी हवा कितीतरी वाढते आणि तेवढीच गळती त्यात हरवून जाते. कमजोर स्पार्कचं सहसा उलट असतं. गाडीवर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगच्या फटीतून करंट उडी मारेनासा होतो आणि गाडी नेमकी चढावर धक्के देते. म्हणून 'मिस मारते' एवढं सांगून भागत नाही. केव्हा मारते, यावर तपासाची दिशा ठरते.

आठवडाभर एका वहीत नोंद ठेवा. पावसाळ्याच्या सकाळी त्रास होऊन ऊन पडल्यावर थांबत असेल, तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर संशय घ्या. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. चिरलेल्या जागी निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. हात मात्र लांब ठेवा, त्या वायरींत हजारो व्होल्ट असतात. इंजिन तापल्यावरच त्रास होत असेल, तर टॅपेटची फट कमी झाली असेल आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल.

आता दोषी सिलिंडर शोधायचा. गाडी मिस मारत असतानाच, इन्सुलेटेड पक्कडीने एकेका प्लगची वायर काढा आणि तिचं टोक इंजिनच्या धातूला टेकवून धरा. आरपीएम पडले तर तो सिलिंडर काम करत होता. फरक पडलाच नाही, तर चोर सापडला. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष प्लगसोबत गेला तर प्लग बदला, नाही गेला तर वायरींची अशीच अदलाबदल करा. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या, गाडीत मात्र असं चालू ठेवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

मिसिंग एकाच सिलिंडरचं नसून सगळ्यांत फिरत असेल, तर दोष सामाईक आहे. व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या एकेक करून चिमटून पाहा. एखादी दाबल्यावर इंजिन सुधारलं, तर गळती त्या वाटेवर आहे. कार्बोरेटरखालचं गॅस्केट आणि आयडल जेटमधला कचराही तपासा. गळती शोधायला पेट्रोल शिंपडण्याचा प्रकार कुणी सुचवला तर साफ नकार द्या, आग लागते.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते. एमपीएफआय गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्बोरेटरला ते जमत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. आधीच काठावर असलेलं आयडलिंग त्यात डळमळतं. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलमुळे फुगतात, मऊ पडतात.

मिसिंगवर गॅरेजमध्ये सर्रास एकच इलाज होतो : स्क्रू फिरवून रेस वाढवून देतात. थरथर थांबते, पण गळती तशीच राहते, पेट्रोल मात्र जास्त जळतं. मूळ दोष सापडेपर्यंत त्या स्क्रूला हात लावू देऊ नका. मिस्त्रीला गाडीसोबत ती वहीही द्या.

पुढच्या आठवड्यात : प्लग, वायर, नळ्या सगळं ठीक निघालं तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन कसं तपासायचं.