टायफॉइडमध्ये आतडे का फाटते?

टायफॉइडचे जंतू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील पायर चकत्यांमध्ये, म्हणजे प्रतिकारपेशींच्या पुंजक्यांमध्ये, घर करतात. तिथल्या भक्षक पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१ अशी सायटोकाइन सोडतात. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. त्यांच्यावाचून जंतू आवरत नाहीत. पण निरोपांचा मारा लांबला की आतड्यालाच इजा होते. आतड्याचे अस्तर जेमतेम एका पेशीइतके जाड असते. टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा ही सायटोकाइन अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल करतात आणि अस्तर पाझरू लागते. सुजलेल्या चकत्यांमधली ऊती मरते व आतड्याच्या लांबीला धरून लंबगोल व्रण पडतात. याउलट, आतड्याच्या क्षयाचे व्रण बहुधा आडवे असतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास व्रण आरपार गेला तर आतड्यातला मळ पोटाच्या पोकळीत पसरतो. म्हणून या दिवसांत अचानक उठलेली पोटदुखी अंगावर काढणे जिवावर बेतते. सगळीच सायटोकाइन इजा करत नाहीत: इंटरल्युकिन-२२ अस्तराची डागडुजी करते, तर इंटरल्युकिन-१० दाह शमवते.