दूध, मध आणि कॉस्टिक सोडा

दूध-मधाच्या साबणाच्या वेष्टनावर गाय असते, मधमाशी असते, मधाचा सोनेरी थेंब असतो. ज्याच्यामुळे साबण होतो, त्या कॉस्टिक सोड्याचं चित्र मात्र कुणी छापत नाही. तेलात दूध आणि मध दिवसभर घोटत बसा, साबण होणार नाही. सोडा पडला की होतो. आणि प्रमाण बरोबर असेल तर मुरलेल्या साबणात सोडा उरत नाही. तेलाशी संयोग होऊन तो संपतो आणि मागे राहतात साबण आणि ग्लिसरीन. म्हणून ‘कॉस्टिकविरहित’ अशी पाटी वाचली की समजावं, ते काम आधीच दुसऱ्या कुणीतरी केलेलं आहे. बाजारातला तयार सोप बेस वितळवून त्यात दूध-मध घालतात, तिथे हेच झालेलं असतं.

तेला-चरबीचं हे कोडं नीट सोडवलं मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. त्याचा चरबीवरचा ग्रंथ १८२३ सालचा. त्याला आयुष्य लाभलं तब्बल १०२ वर्षांचं, आणि आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचंही नाव आहे.

आता दुधाकडे वळू. साबणासाठी दूध तापवत नाहीत, गोठवतात! कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळताना इतकी उष्णता सुटते, की पाणी सहज ८० अंशांच्या घरात जातं. त्या जागी साधं दूध असेल तर त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, करपते. दूध आधी पिवळं, मग नारिंगी, मग तपकिरी होतं आणि अमोनियाचा उग्र वास सुटतो. म्हणून दूध बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि त्या तुकड्यांवर सोडा अगदी चिमटीचिमटीनं, चमच्यानं भुरभुरायचा. तुकड्यांच्या कडा आधी चकाकतात, मग विरघळून गोल होतात, भांड्याच्या तळाशी फिकट पिवळं पाणी साचायला लागतं. हा वेळ घाईनं उरकायचा नाही. शेवटी मिश्रण थोडं दाट झालं, गुठळ्या दिसल्या, तर दूध नासलं असं समजून फेकू नका. दुधातल्या स्निग्धांशाचा साबण व्हायला तिथेच सुरुवात झालेली असते.

आपल्याकडे घरोघरी म्हशीचं दूध. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार टक्के, तर म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास. हा फरक चहात जाणवतो तसा साबणातही जाणवतो. सोडा मोजताना तो मुद्दाम पाच टक्के कमी धरतात, म्हणजे थोडं तेल साबण न होता तसंच उरतं आणि अंगाला कोरडेपणा येत नाही. म्हशीचं दूध वापरलं की हे उरलेलं तेल आणखी वाढतं, साबण अधिक मऊ लागतो. मला हाच साबण आवडतो. परदेशी पुस्तकांत शेळीच्या दुधाचं फार कौतुक असतं. आपल्याकडे उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळ्या असताना तोही प्रयोग करून पाहायला काहीच हरकत नाही.

अर्धा किलो तेलांचं एक माप देते: ऑलिव्ह तेल २५० ग्रॅम, खोबरेल २००, एरंडेल ५०. त्याला कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम, गोठवलेलं दूध १६५ ग्रॅम आणि मध एक चहाचा चमचा. सगळं वजनावर, अंदाजपंचे काही नाही. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो: एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्हला ०.१३५. म्हणजे ऑलिव्हऐवजी खोबरेल घातलं आणि सोडा तेवढाच ठेवला तर सगळं गणित बिघडतं. तेल बदललं की साबणाच्या कॅल्क्युलेटरवर आकडे पुन्हा काढायचे.

खोबरेलाची आणखी एक खुबी. बहुतेक साबण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात फेस धरत नाहीत, पण खोबरेलाचा साबण धरतो. जहाजावरच्या खलाशांसाठी म्हणूनच तो बनवत. आणि मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यात फेस होत नाही, उलट बादलीला पांढरा थर बसतो, त्यात साबण बनवणाऱ्याची चूक नसते. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून तो थर तयार होतो.

इथे थांबून सुरक्षिततेचं सांगायलाच हवं. खायचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा, कॉस्टिक सोडा वेगळा. मोरी तुंबल्यावर टाकायची पावडर तर नकोच, तिच्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं. शुद्ध सोडा आणा. सोडा दुधात घालायचा, सोड्यावर दूध कधीही ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरायचं नाही. सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचं भांडं चालतं. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी, मुलं दुसऱ्या खोलीत. अंगावर थेंब उडाला तर भरपूर वाहत्या पाण्यानं धुवायचा.

आता मध. तो शेवटी येतो आणि सगळ्यात जास्त धमाल करतो. तेल आणि सोड्याचं मिश्रण घोटत घोटत पातळ पिठल्याइतकं झालं, वरून सोडलेली धार क्षणभर रेघ धरून राहिली, की चमचाभर कोमट पाण्यात कालवलेला मध घालायचा. मधातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सोड्याला भेटतात आणि साचा तापायला लागतो. मध जास्त झाला तर मध्यभाग फुगतो, वर भेग पडते, कधी साबण साच्याबाहेर उतू जातो. साबणवाले त्याला ज्वालामुखी म्हणतात. उपाय सोपा आहे: साचा रात्रभर फ्रिजमध्ये.

मध साबणात गेला की तो खायचा मध राहत नाही. त्याच्या औषधी गुणांतलं फारसं काही सोड्यापुढे टिकत नाही. टिकते ती साखरेची करामत: फेस भरघोस होतो आणि वडीला मधाळ तपकिरी रंग येतो, कुठलाही रंग न टाकता. ही गोष्ट वेष्टनावरच्या सगळ्या वर्णनांपेक्षा मला जास्त मोलाची वाटते, कारण ती खरी आहे आणि पहिल्याच आंघोळीत हाताला कळते. म्हणूनच महाबळेश्वरचा उत्तम जांभूळमध साबणात घालू नये, तो पोळीबरोबर खावा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथल्या सातेरी माश्यांची मेहनत फेसात वाहून जाऊ नये. साबणाला साधा मध पुरतो.

दुधानं न्हाण्याची हौस जुनीच. रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय, की सम्राट नीरोची राणी पॉपीया आंघोळीच्या दुधासाठी ५०० गाढविणी सोबत बाळगायची. आपल्याकडे दूध आणि मध एकत्र येतात ते पंचामृतात, आणि ते स्नान देवाचं.

हळद घालायचा मोह होतोच. घाला, पण रंगाची गंमत बघा: पिवळी हळद सोड्यात लाल होते. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होतो, तेच इथे घडतं. मुरता मुरता हा लालसरपणा पुष्कळ निवळतो.

मुरणं महत्त्वाचं. साचा भरल्यापासून दोन दिवसांनी वड्या कापायच्या आणि हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटवता, सहा आठवडे ठेवायच्या. त्या काळात पाणी उडून जातं, वडी टणक होते आणि न्हाणीघरात लवकर झिजत नाही. दिवाळीसाठी साबण करायचा असेल तर पंचांग उघडा. अधिक आश्विनाचं वर्ष सोडलं, तर अनंत चतुर्दशीपासून नरक चतुर्दशीच्या अभ्यंगापर्यंत साधारण ४४ दिवस असतात. म्हणजे मुरायला सहा आठवडे, आणि साच्यातले ते दोन दिवस.