तिकीट कोणाच्या हाती?

३ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाच्या आठ सदस्यांनी विरोधकांच्या बरोबरीने मतदान केले आणि आपल्याच पक्षाचे सभापती केविन मॅकार्थी यांना २१६ विरुद्ध २१० मतांनी पायउतार केले. पुढचे तीन आठवडे सभागृहाला सभापतीच नव्हता. आता या आठजणांची तिकिटे कापली जाणार, असे आपल्याकडचा वाचक गृहीत धरेल. पण तिकीट कापणारे पक्षश्रेष्ठी तिथे नाहीतच. उमेदवार कोण हे ‘प्रायमरी’ या पक्षांतर्गत निवडणुकीत मतदारसंघातले मतदार ठरवतात; पक्षाचा व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जाण्याचीही तिथे सोय नाही. म्हणून त्या देशातल्या गटबाजीला केवळ विचारसरणीची फूट म्हणणे मला अपुरे वाटते. फूट पूर्वी कितीतरी मोठी होती. बदलली आहे ती निवाड्याची जागा.

ही मोठी फूट काय होती ते पाहण्यासारखे आहे. १९४८ साली फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा ठराव स्वीकारला, तेव्हा दक्षिणेतले काही प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले. त्यांच्या बंडखोर उमेदवाराने, स्ट्रॉम थर्मंड यांनी, त्या वर्षी चार राज्ये जिंकली. १९६४ चा नागरी हक्क कायदा सेनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. त्यात ४६ डेमोक्रॅट बाजूने होते आणि २१ विरोधात. रिपब्लिकनांपैकी २७ बाजूने, ६ विरोधात. या सहांमधले बॅरी गोल्डवॉटर पुढच्याच महिन्यात रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले! म्हणजे वंशभेदासारख्या देशाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नावर दोन्ही पक्ष आतून दुभंगलेले होते, आणि तरीही कायदा झाला. किंबहुना तो त्यामुळेच झाला, कारण दोन्ही पक्षांतले समविचारी एकत्र येऊ शकले. पुढच्या काही दशकांत दक्षिणेतले सनातनी गोरे मतदार रिपब्लिकन पक्षाकडे आणि ईशान्येकडचे उदारमतवादी डेमोक्रॅटांकडे सरकले. आज दोन्ही पक्ष विचारांनी पूर्वीपेक्षा बरेच एकजिनसी आहेत, मात्र त्यांचे पुढारी आपल्याच सदस्यांपुढे पूर्वीइतके समर्थ राहिलेले नाहीत.

याचे एक कारण १९६८ मध्ये सापडते. त्या वर्षी शिकागोच्या अधिवेशनात ह्युबर्ट हम्फ्री यांना एकही प्रायमरी न लढवता उमेदवारी मिळाली. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्यांनी प्रायमरींत मते मिळवली होती, पण निर्णय मात्र पुढाऱ्यांनी केला. बाहेर रस्त्यावर तरुणांची डोकी फुटली. त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलले, अध्यक्षपदाची उमेदवारी प्रायमरीच्या मतदारांकडे गेली आणि राज्यांचे कायदे बदलल्यामुळे रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला.

यावर पहिला आक्षेप असा, की काँग्रेसच्या जागांसाठी प्रायमरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत; मग परिणाम आताच का? तेव्हा अनेक मतदारसंघांत खरी लढत नोव्हेंबरमध्ये होत असे, हे त्याचे उत्तर. आता बहुतेक मतदारसंघ कोणत्या ना कोणत्या पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा. २०१४ मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकनांचे सभागृहनेते एरिक कँटर पराभूत झाले, ती प्रायमरी सात लाखांवर लोकवस्तीच्या मतदारसंघात सुमारे ६५ हजार मतांवर निकालात निघाली. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी ज्येष्ठ डेमोक्रॅट जो क्राउली यांना हरवले, तेव्हा दोघांची मिळून मते तीस हजारही नव्हती. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर गेले. प्रायमरीत त्यांना सुमारे २८ टक्केच मते होती. त्यात त्यांचा दोष काहीच नाही, गणितच तसे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रायमरीचे मतदार त्याच पक्षाच्या इतर मतदारांपेक्षा फारसे टोकाचे नसतात, असे काही राज्यशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. ते मला मान्य आहे. पण मुद्दा भीतीचा आहे. एक कँटर पडला की उरलेले सावध होतात. शिवाय ही भीती नेहमी विचारसरणीचीच असते असेही नाही. रिपब्लिकन प्रतिनिधी लिझ चेनी कट्टर परंपरावादी होत्या. ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत दिल्यावर त्यांचे पक्षातले पद गेले आणि २०२२ च्या प्रायमरीत त्यांना तीस टक्केही मते मिळाली नाहीत. त्यांच्या पदावर आलेल्या एलिस स्टेफानिक यांची मतदानाची नोंद चेनींपेक्षा मवाळ होती.

मग डेमोक्रॅटांत अशी पडझड का होत नाही? नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभूत सुविधांच्या विधेयकाविरुद्ध त्यांच्याही सहा डाव्या सदस्यांनी मत दिले, आणि तेरा रिपब्लिकनांच्या साथीने ते विधेयक तरले. पण त्या गटाला सरकारकडून काही करून घ्यायचे असते, म्हणून तडजोड त्याच्या फायद्याची ठरते. सरकारला रोखणे हेच ज्याचे यश, त्याला तडजोडीत मिळवण्यासारखे थोडेच असते.

पुढाऱ्यांच्या बंद खोल्यांकडे परत जावे असे मी म्हणणार नाही. दक्षिणेत त्याच खोल्यांनी कृष्णवर्णीयांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले. मला आशा वाटते ती प्रायमरीची चौकट रुंद करण्यात. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवण्याच्या बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी चार निवृत्त झाले, चार प्रायमरीत हरले. उरलेले दोघे कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांतले, जिथे सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात. पण हा रामबाण उपाय नव्हे, कारण हरलेल्यांपैकी जेमी हेरेरा ब्यूटलर याही वॉशिंग्टनच्याच. अलास्काने एक पाऊल पुढे टाकले. तिथे सर्वांच्या एकत्रित प्रायमरीतून चौघे पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मतदार पसंतीक्रम देतात. त्या महाभियोगात ट्रम्प यांना दोषी ठरवावे असे मत देणाऱ्या सात रिपब्लिकन सेनेटरांपैकी २०२२ मध्ये लिसा मर्कोव्स्की एकट्याच मतदारांपुढे गेल्या, आणि याच पद्धतीत निवडून आल्या. ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये अलास्काच्या मतदारांसमोर आला. तीन लाखांहून अधिक मते पडली आणि पद्धत हजारापेक्षा कमी मतांच्या फरकाने वाचली.