सदतिसावा गुण

पत्रिका जुळवताना गुरुजी छत्तीस गुण मोजतात. आमचे सव्वीस जुळले होते आणि दोन्ही घरी पेढे वाटले गेले. परंतु आभाळ भरून आले असता वर काय म्हणतो आणि वधू काय म्हणते, हे कोणी विचारले नाही. एकाने 'उघडेल हो आता' म्हणावे आणि दुसरीने दोरीवरचे कपडे काढायला धावावे, अशी दोन माणसे जन्मभर एका छपराखाली राहायची असतील तर हा सदतिसावा गुण आधी पाहायला नको का?

आमचे लग्न १९७१ सालचे. हे रेल्वेत होते, मी शाळेत शिकवीत असे. यांच्या मते गाडी वेळेवर येते, पाहुणे दोनच येतात आणि दुखणे नेहमी सर्दीचेच असते. माझ्या मते गाडी चुकते, पाहुणे सहा येतात आणि सर्दी म्हटलेल्या दुखण्याला तीन दिवसांनी भलतेच नाव मिळते. हे मला निराशावादी म्हणतात. मी स्वतःला तरतूदवादी म्हणते. निराश माणूस हातपाय गाळून बसतो. मी तर पिंप भरते, काड्यापेट्या जपून ठेवते, सुटे पैसे वेगळे काढते. यात निराशा कोठे आली?

मुंबईकरांना २६ जुलै २००५ सांगायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. यांनी दुपारी तीनला ऑफिसातून फोन केला, "थांबेल तासाभरात. सातपर्यंत येतोच." त्यानंतर फोन मेला तो मेलाच. मी पिण्याचे पाणी भरले, मेणबत्त्या काढल्या, मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. रात्री खालच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडे आमच्याकडे होती. हे उगवले दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत बहुतेक पायी, विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. मी रडायच्या बेतात, आणि यांचे पहिले वाक्य काय? "अगं, लोक किती चांगले आहेत! वाटेत चार ठिकाणी चहा मिळाला, बिस्किटे मिळाली." त्या पावसात शेकडो माणसे गेली हे यांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु यांच्या डोळ्यांना चहा देणारे हात आधी दिसतात. माझ्या डोळ्यांना उघडी गटारे.

पुढे कधीतरी माझ्या वाचनात आले की, माझ्या स्वभावाला शास्त्रात रीतसर नाव आहे. जूली नोरेम आणि नॅन्सी कँटर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९८६ साली 'बचावात्मक निराशावादा'वर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसे वाईटात वाईट काय होईल याचा आधी विचार करतात आणि त्या धास्तीच्या जोरावरच नीट तयारी करतात. गंमत अशी की, अशा माणसांना 'तुम्ही उत्तमच कराल' असा धीर दिला तेव्हा त्यांची कामगिरी उलट घसरली! मी हे यांना मोठ्याने वाचून दाखवले. "म्हणजे मी तुला धीर दिला की तुझे बिघडते," हे म्हणाले, "बरे झाले सांगितलेस." आणि वर्तमानपत्रात डोके घातले.

परंतु आशावादी माणसाची आशा चालू राहावी म्हणून घरात कोणाला तरी हिशोब ठेवावा लागतो, याचा उल्लेख त्या प्रयोगात नाही. त्यासाठी मला आनंदीबाई कर्वे आठवतात. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला, १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. अण्णांची आशा एवढी दांडगी की, १९१६ साली त्यांनी महिलांचे विद्यापीठच उभे केले. होते नव्हते ते संस्थेला देताना आपली विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी देऊन टाकली. मुलांच्या आईला त्या दिवशी काय वाटले असेल? बायांना निराशावादी म्हणणे अन्यायाचे होईल. त्या स्वतः संस्थेसाठी वर्गणी मागत हिंडल्या. परंतु उद्याच्या पिठामिठाची काळजी त्यांच्या वाट्याची होती. 'माझे पुराण' हे त्यांचे आत्मचरित्र १९४४ साली निघाले. ज्यांनी फक्त अण्णांचे चरित्र वाचले आहे त्यांनी तेही वाचावे. १९५८ साली अण्णांना भारतरत्न मिळाले, ते पाहायला बाया नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या होत्या.

आमच्या घरातली पॉलिसी म्हणजे यांच्या निवृत्तीची रक्कम. एका सहकारी बँकेत व्याज पाऊण टक्का जास्त मिळत होते आणि तिथला मॅनेजर यांना 'साहेब' म्हणत असे. सगळी रक्कम तिथेच ठेवायचा यांचा विचार. मी दोन दिवस स्वयंपाकाव्यतिरिक्त बोलले नाही. आपल्याकडे ठेवींचा विमा सुरू झाला तो १९६२ साली, आणि तोही १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर. त्या वेळी हमी दीड हजाराची होती. १९९३ पासून ती एक लाख झाली होती. तेव्हा माझा हिशोब सरळ होता : एका बँकेत व्याजासह लाखाच्या आतच ठेवायचे. पैसे पाच ठिकाणी विभागले. हे म्हणाले, "अगं, पासबुके सांभाळायला आता कारकून ठेवू या."

काही वर्षांनी त्या बँकेवर निर्बंध आले. आमचे नव्वद हजार अडकले, ते पुढे मिळाले. समोरच्या जिन्यातल्या एका विधवा बाईंचे सर्वस्व तिथे होते. हमीची मर्यादा पाच लाखांवर गेली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. त्यांच्या वेळी ती लाखाचीच होती. त्यांच्याकडे जाऊन मी काय बोलणार? आधीच ओळखले होते म्हणणाऱ्याचे तोंड अशा वेळी कोणाला पाहवत नाही. हे मात्र रोज सकाळी त्यांच्याकडे जात, अर्ज लिहून देत, मोर्च्याला सोबत जात, "मिळतील हो वहिनी, थोडे थोडे करून मिळतील," म्हणत. पैसे मिळायला वर्षे लागली, आणि सगळे नाहीच मिळाले. परंतु त्या बाई त्या दिवसांत जेवत होत्या त्या यांच्या शब्दावर. तरतुदीने ते काम होत नाही, हे मी तेव्हा पाहिले.

२०१४ साली अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार वयस्क जोडप्यांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा जोडीदार आशावादी, त्यांची स्वतःची प्रकृती अधिक चांगली राहिलेली आढळली, आणि ती त्यांच्या स्वतःच्या आशावादाचा हिशोब वेगळा केल्यावरही. म्हणजे यांच्या 'थांबेल पाऊस'चा लाभ मला फुकटात मिळत आला आहे म्हणायचे! अर्थात हे मी यांना वाचून दाखवले नाही.

२०११ च्या फेब्रुवारीत यांची बायपास झाली. संमतीच्या कागदावर यांनी न वाचता सही ठोकली आणि सर्जनना विचारले, "मे महिन्यात गुहागरला आंबे खायला जायचे आहे, जमेल ना?" कागद मी वाचला, तिन्ही पाने. आदल्या रात्री वॉर्डातले दिवे मंद झाले. मला वाटले, यांना झोप लागली. तेवढ्यात अंधारातून हलक्या आवाजात प्रश्न आला.

"अगं, ती निळी फाइल कुठे असते?"

विमा, पेन्शन, घराचे कागद, सगळे त्या फाइलमध्ये. चाळीस वर्षांत यांनी तिची चौकशी केली नव्हती.

"कपाटात. दुसऱ्या कप्प्यात."

"नॉमिनेशन सगळ्यांवर झालंय?"

"झालंय."

यांनी मोठा श्वास सोडला. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी माझ्याच तोंडून निघाले, "मे महिन्याच्या गाड्यांना गर्दी असते. चिपळूणची तिकिटे आधी काढावी लागतील."

"काढ," हे म्हणाले, आणि खरेच झोपले. मी जागीच होते.

मे महिन्यात आम्ही गेलो. निळी फाइल अजून त्याच कप्प्यात आहे. दर जानेवारीत एका दुपारी हे ती काढतात, कागद एकेक करून चाळतात आणि काही न बोलता परत ठेवतात. त्या दिवशी पुढच्या सहलीचा विषय मी काढते.